निळ्या खोलीतली गाय

रोझिनाने सांगितलं होतं. चारचौघांत, मोठ्या आवाजात सांगितलं होतं, की भाऊजी, तुमचं माप चुकतंय.

गॉटलीब हाउफ तिचा मोठा दीर. गाडीच्या चाकाला लाल चिंधी बांधून तो मागून चालत होता, आणि चिंधी वर आली की एक एक फेरा मोजत होता. सरकारी मोजणीवाल्यांनी माळावर ठोकलेल्या खुंट्यांपैकी एकच सापडला होता, तो त्याच्या जमिनीच्या पार पलीकडच्या टोकाचा. तिथून फेरे मोजत आलं की त्याची जमीन कुठे संपते आणि रोझिनाची कुठे सुरू होते ते कळणार होतं. मधे पाणथळ जागा लागली. बैलांनी तिला वळसा घातला, गॉटलीबनेही घातला, आणि वळशाचे फेरे जमेस धरून तो तसाच पुढे मोजत राहिला.

"भाऊजी, वळसा धरून कसं चालेल? तेवढे फेरे वजा करा ना."

"रोझिना, रशियात मी अख्ख्या गावाचं शिवार मोजलंय. तू बैलांकडे बघ."

रोझिना बैलांकडे बघत राहिली. दुसरं करणार काय? काळ्या समुद्राजवळच्या त्यांच्या जर्मन गावात गॉटलीब कारभारी होता, आणि तिथून निघताना गादी-उशांबरोबर त्याने ते कारभारीपणही बांधून अमेरिकेत, डाकोटाला आणलं होतं. त्याच्या चुका दाखवणारा एकच माणूस होता, त्याचा धाकटा भाऊ फिलिप, रोझिनाचा नवरा. तो बोटीवरच तापाने गेला. त्याला समुद्रात सोडलं, आणि ती नऊ वर्षांच्या लिडियाला आणि अंगावर पिणाऱ्या एमिलला घेऊन दिराच्या मागोमाग या माळावर उतरली.

जमीन मात्र तिला तिच्या नावाने मिळाली होती. या देशात विधवेला कुटुंबाची प्रमुख धरतात, हे कचेरीतल्या कारकुनाने सांगितलं तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद गॉटलीबलाच झाला. "घे, घे," तो म्हणाला, "घरात एक तुकडा जास्त आला तर वाईट काय?" अट एवढीच, की अर्ज केल्यापासून सहा महिन्यांत त्या जमिनीवर घर बांधून राहायला लागायचं आणि पुढे पाच वर्षं तिथेच राहायचं. तसं नाही झालं तर जमीन मोकळी, मागेल त्याची.

इथले बाकीचे लोक आपापल्या जमिनीच्या मधोमध घर बांधतात आणि कोल्ह्यासारखे एकेकटे राहतात. गॉटलीबला ते पसंत नव्हतं. त्याला गाव हवं होतं, गावाला रस्ता हवा होता आणि रस्त्याला दोन्ही बाजूंनी घरं हवी होती, जुन्या गावात होती तशी. म्हणून त्याने हद्दीवर रस्ता आखला. एका अंगाला त्याचं घर, समोर रोझिनाचं. घराची अरुंद बाजू रस्त्याकडे, मग मागे एकाच छपराखाली, आगगाडीच्या डब्यांसारखी रांग: आधी बैठकीची खोली, मग स्वयंपाकघर, मग गोठा.

ते घर रोझिनाने बांधलं. बांधलं म्हणजे उभं राहून बांधून घेतलं नाही. माती, गवत आणि पाणी बैलांकडून तुडवून घ्यायचं काम ख्रिस्तियान करी, गॉटलीबचा मोठा मुलगा. त्यानंतरचं सगळं तिचं. साच्यात चिखल दाबून कच्च्या विटा पाडायच्या, उलटायच्या, पाऊस आला की धावत जाऊन झाकायच्या. भिंती रचल्या, शेणमातीने लिंपल्या, जमिनी सारवल्या. छपरावर वासे आणि गवतासकट कापलेली मातीची ढेकळं ख्रिस्तियानने चढवून दिली. तिची बोटं चुन्याने इतकी फाटली होती की एमिल दुधासाठी छातीशी आला की तिचा हात लागून रडे. शेवटी चुन्यात नीळ कालवून तिने बैठकीची खोली निळी केली. जुन्या गावातली तिच्या आईची खोली निळी होती. लिडियाने खाली हातभर उंचीवर पिवळ्या फुलांची ओळ काढली, थोडी वाकडी. रविवारची प्रार्थना आसपासच्या चार जर्मन घरांत पाळीपाळीने होई, आणि आता आपल्याही घरी होईल म्हणून त्या खोलीत तिने भिंतीकडेने बाकंसुद्धा मांडून ठेवली होती.

ऑक्टोबरात माळ पेटला. घरांभोवती नांगरून ठेवलेल्या पट्ट्यांमुळे घरं वाचली, पण बाकी सगळं काळं झालं. आणि त्या काळ्यात, हरवलेली कालवड शोधत आलेल्या हाल्वोरला, म्हणजे त्यांच्या नॉर्वेजियन शेजाऱ्याला, मोजणीवाल्यांचा मातीचा उंचवटा दिसला. त्यावर कोळसा झालेला खुंटा. मग दुसऱ्या टोकाला आणखी एक. हाल्वोर भला माणूस. त्याने रोझिनाला आणि गॉटलीबला बोलावून घेतलं, दोन खुंट्यांच्या रेषेत दोरी धरली आणि एक डोळा मिटून बघितलं. दोरी रस्त्यावरून गेलीच नाही. ती सरळ रोझिनाच्या घरातून गेली. स्वयंपाकघर आणि गोठा यांच्या मधल्या भिंतीतून.

"बाई," हाल्वोर आपल्या मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये म्हणाला, "तुझी चूल त्याच्याकडे. तुझा पलंग त्याच्याकडे. गोठा फक्त तुझ्याकडे." आणि तिचा चेहरा बघून तिला हसवायचं म्हणून पुढे म्हणाला, "गाय शहाणी आहे तुझी. ती आपल्या मालकिणीच्या जमिनीवर झोपते. मालकीण नाही झोपत."

रोझिना हसली नाही. गॉटलीब हसला. गुडघ्यावर हात मारून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला. "गाय कायदा पाळते! ऐकलंस का, रोझिना? गाय कायदा पाळते!"

चुकलेला माणूस इतका मनमोकळा हसतो तेव्हा त्याचं काही नुकसान झालेलं नसतं. हे तिला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलं संध्याकाळी, त्याच्या घरी जेवताना. जाऊबाईंनी, युलियानाने, शेवयांचं सूप वाढलं होतं. गॉटलीबने प्रार्थना म्हटली, पाव मोडला आणि सगळ्यांना दिला.

"आता काय करायचं, भाऊजी?" तिने विचारलं.

"करायचं काय त्यात? घर माझ्या जमिनीवर आलं. मी काय परका आहे?"

"मला माझ्या जमिनीवर राहायला हवं. मुदत नाताळाच्या आधी संपते. आता थंडीत विटाही वाळायच्या नाहीत, दुसरं घर कुठून उभं करू?"

"मग नको करू." तो सूप फुंकून प्यायला. "हे बघ, ख्रिस्तियानला मार्चमध्ये एकविसावं पुरं होतं. तोवर तुझी जमीन मोकळी झालेली असेल. वयात बसला की तो अर्ज करील. बाहेरच्याच्या घशात जाण्यापेक्षा आपल्यात राहील. तू आहेस तिथेच राहा, पोरं वाढव. मळणीला, स्वयंपाकाला बाई लागतेच. तुझ्या ताटात मी काही कमी पडू देणार नाही."

ख्रिस्तियान वाडग्यात बघत बसला होता. त्याला लाज वाटत असावी. पण लाजेपायी कोणी जमीन सोडत नाही, आणि त्यानेही सोडली नसती.

"माप तुम्ही चुकवलंत," रोझिना म्हणाली.

"देवाची इच्छा होती."

"देव गाडीमागून चालत नव्हता, भाऊजी. तुम्ही चालत होतात."

युलियानाच्या हातातला डाव भांड्यावर आपटला. गॉटलीबचा चेहरा मानेपासून लाल होत गेला.

"तोंड सांभाळ. फिलिपची बायको म्हणून ऐकून घेतो. साक्षीदारांशिवाय ही कचेरी कोणाचं काही मानत नाही, आणि इथे तुझी साक्ष देणारा मीच. मी खोटं बोलावं, अशी तुझी इच्छा आहे का? तू तिकडे राहत नाहीस ते मला दिसतंय."

रोझिना अर्धं सूप टाकून उठली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. घरी येऊन तिने भांडी आपटली, लिडियाला कारण नसताना ओरडली, मग तिला जवळ घेतलं आणि परत ओरडली. राग एकट्या दिराचा नव्हता. फिलिपचाही होता, मेला म्हणून. स्वतःचा तर फारच होता. दिसत होतं, सांगितलं होतं, आणि मग मुकाट्याने बैलांकडे बघत राहिले! अडाणी बाईनेसुद्धा कोणी दाखवलेल्या जागी न बघता वीट ठेवू नये, आणि मी अख्खं घर ठेवलं. या विचाराने तिला झोप लागली नाही.

पहाटे ती धारेला बसली. ब्लेस, कपाळावर पांढरा पट्टा असलेली तिची एकुलती गाय, रवंथ करत होती. गोठा ऊबदार होता. भिंती बैठकीच्या खोलीइतक्याच जाड, कारण त्याही तिनेच रचलेल्या. छप्पर तेच. गाय कायदा पाळते. गॉटलीबचं ते हसणं तिच्या कानात अजून वाजत होतं. तिचे हात थांबले. ब्लेसने मान वळवून बघितलं.

"काय बघतेस?" रोझिना गायीला म्हणाली. "ऊठ. तुझं सामान बांध."

दुसऱ्या दिवशी युलियाना आली तेव्हा रोझिना गोठ्याची जमीन फावड्याने खरवडत होती. तीन बोटं खोल माती काढून तिने बाहेर टाकली होती. स्वयंपाकघरातली चूल फोडून झाली होती आणि तिच्या विटा गोठ्याच्या कोपऱ्यात नव्याने रचलेल्या होत्या. युलियानाने आधी गोठा बघितला, मग आतल्या दाराने जाऊन बैठकीची खोली बघितली आणि तोंडावर हात ठेवून परत आली.

"अगं, तिथे गाय आहे!"

"आहे."

"निळ्या खोलीत? बाकं कुठायत?"

"बाकं इथे येणार. गाय तिथे राहणार. भाऊजींच्या जमिनीवर भाऊजींनी गोठा बांधून घेतलाय असं समजा."

"वेड लागलंय तुला. माणसं गोठ्यात राहतात का? लोक काय म्हणतील?"

"लोक आत्तापर्यंत काय म्हणाले, जाऊबाई? माप चुकताना लोक होतेच की सगळे. एकजण तरी बोलला?" तिने फावडं आपटलं. "मी माझ्या जमिनीवर राहणार. गोठ्यात राहीन, बिळात राहीन, पण माझ्या जमिनीवर. तुम्हाला जाऊन सांगायचं असेल तर सांगा."

युलियाना उभीच राहिली. जाडजूड, मंद चालीची बाई. लग्नाला बावीस वर्षं झाली होती, आणि नवऱ्याच्या वाक्याच्या मधे बोलताना तिला कोणी ऐकलं नव्हतं. तिने पदरासारखी खांद्यावर घेतलेली शाल काढली, घडी करून खुंटीला लावली आणि कोपऱ्यातलं दुसरं फावडं उचललं.

"माझ्या बापाने लग्नात मला दोन घोडे दिले होते," ती खरवडता खरवडता म्हणाली. "ओडेसात विकले ह्यांनी, तिकिटासाठी. मला विचारलं नाही. बाजारातून आल्यावर सांगितलं." तिने खरवडलेली माती दाराबाहेर लोटली. "माझं नाव मात्र घेऊ नकोस."

"कशाला घेऊ?"

दोघींनी जमीन नवी चोपली, सारवली, वाळली की परत सारवली. भिंतींना चुन्याचे दोन हात दिले. वास गेला नाही, पण शेण जाळून राहणाऱ्या माणसांच्या घरात तसाही कुठला अत्तराचा वास असतो? उन्हाळाभर बैलांनी तुडवलेल्या आणि फावड्याने कापून वाळवलेल्या गोवऱ्यांची उतरंड तिने नव्या चुलीपाशी आणून ठेवली. पलंग आला. पाळणा आला. लिडिया रडली, फुलं गाय चाटून टाकेल म्हणून. "चाटू दे," रोझिना म्हणाली, आणि पोरीवर आणखी डाफरली.

गॉटलीबला काही कळलं नाही. समोरच्या घरात रोज काय चालतं हे बघायची त्याला गरज वाटत नव्हती. त्याच्या लेखी तो प्रश्न सुटला होता.

पुढच्या रविवारी प्रार्थनेची पाळी रोझिनाकडे होती. चारही जर्मन घरांतली माणसं काळे कोट आणि काळे रुमाल घालून रस्त्याने आली. पुढे गॉटलीब, काखेत बायबल. नेहमीप्रमाणे त्याने रस्त्याकडचं दार न ठोठावता उघडलं आणि आत पाऊल टाकलं.

ब्लेसने मान वर करून त्याच्याकडे बघितलं. पाठीमागे निळी भिंत, शेपटीच्या फटकाऱ्यांनी हिरवट झालेली. पिवळी फुलं अर्धी उरली होती. बाकं होती तिथे गवताचा भारा होता. ब्लेसला घाई नव्हती. सगळ्यांच्या समोर तिने शेपटी उचलली आणि सारवलेल्या जमिनीवर मोकळी झाली.

मागून कोणीतरी फिसकन हसलं, आणि लगेच गप्प झालं.

"रोझिना!" गॉटलीब ओरडला. "हा काय तमाशा आहे?"

"इकडे या, भाऊजी." आवाज आतून, गोठ्याच्या बाजूने आला. "मी घरी आहे."

मंडळी रिकाम्या स्वयंपाकघरातून पुढे आली. तिथे ना चूल होती, ना टेबल. पलीकडच्या बुटक्या दारातून उजेड दिसत होता, आणि कॉफीचा वास येत होता. दाराच्या आत रोझिना स्वच्छ एप्रन लावून उभी होती. मागे चूल पेटलेली, पलंगावर चादर, भिंतीकडेने बाकं, मधे एमिलचा पाळणा. उंबऱ्यावर तिने जळालेल्या खुंट्याच्या कोळशाने काळी रेघ ओढली होती.

"ही हद्द," ती म्हणाली. "हाल्वोरने दोरी धरून दाखवली, भाऊजींनी स्वतः बघितली. तुम्ही उभे आहात ती जमीन भाऊजींची. तिथे गाय राहते. इथून पुढे माझी. इथे मी राहते, माझी पोरं राहतात, माझी चूल जळते. प्रार्थना माझ्या घरी आहे. ज्यांना यायचं त्यांनी यावं."

"लाज नाही वाटत?" गॉटलीबचा आवाज फाटला. "देवाचं नाव गोठ्यात घ्यायचं?"

"देवाचा मुलगा कुठे जन्मला ते तुम्हीच वाचून दाखवता दर नाताळला. तिथे तुम्हाला गोठा चालतो!"

 मग गर्दीतून धक्के देत युलियाना पुढे आली. नवऱ्याकडे तिने बघितलंही नाही. आपला जाड घागरा दोन्ही हातांनी सावरून ती रेघेपलीकडे गेली आणि पहिल्या बाकावर धपकन बसली.

"जमीन कोरडी आहे," ती सगळ्यांना म्हणाली. "मी स्वतः सारवलीय."

तिच्यामागे बाकीच्या बायका गेल्या. बायकांमागे पोरं गेली, पोरांना आवरायचं म्हणून पुरुष गेले. ख्रिस्तियान सर्वांत शेवटी गेला, बापाची नजर चुकवत. स्वयंपाकघरात गॉटलीब एकटा उरला. पलीकडे त्याच्या मालकीच्या निळ्या खोलीत गाय गवत ओढत होती.

त्याने परत जायला हवं होतं. पण प्रार्थना त्याच्याशिवाय सुरू होत नसे, आणि ती आपल्याशिवाय सुरू होऊ शकते हे त्या माणसांना कळणं त्याला परवडणारं नव्हतं. गोठ्याचं दार गायीच्या मापाचं. तो उंच होता. त्याला कमरेत वाकावं लागलं.

तो आत येऊन सरळ उभा राहिला तेव्हा रोझिना त्याच्यासमोरच होती. तिच्या हातात कॉफीचा कप होता, पण तिने तो पुढे केला नाही.

"बघून घ्या, भाऊजी. चूल इथे आहे. पलंग इथे आहे. मी राहते की नाही?"

"राहतेस," तो पुटपुटला.

"कचेरीत सांगाल?"

त्याने भोवती बघितलं. बाकांवर सगळे त्याच्याकडे बघत होते. आता त्याने नाही म्हटलं तरी साक्षीदारांनी गोठा भरला होता, हे त्याला दिसत होतं.

"सांगेन."

"आणि माप कोणाचं चुकलं?"

"रोझिना, पुरे झालं," कोणीतरी म्हातारा मागून म्हणाला. "प्रार्थनेची वेळ झाली."

"प्रार्थना थांबेल, बाबा. मी उन्हाळ्यापासून थांबलेय." तिचा आवाज चढला नव्हता. "माझी निळी खोली गेली. पाच वर्षं मी पोरांना घेऊन गोठ्यात झोपणार आहे. मला एवढं तरी ऐकायचंय. माप कोणाचं चुकलं, भाऊजी?"

गॉटलीबने पायाशी बघितलं.

"माझं," तो म्हणाला.

"चारचौघांत सांगा. मोठ्याने सांगा. मीही तसंच सांगितलं होतं."

चुलीत गोवरी ढासळली. एमिल पाळण्यात कुरकुरला, आणि लिडियाने उठून पाळण्याला झोका दिला.

"माप माझं चुकलं," गॉटलीब हाउफ मोठ्याने म्हणाला.

तेव्हा रोझिनाने कप पुढे केला. कॉफी तोवर पार गार झाली होती. चूल शेजारीच होती, पण तिने ती गरम करून दिली नाही.